तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांना नम्र कसं करायचं?

मी चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवते, त्यामुळे आईवडिलांचा एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. उपासना संपली की कुणीतरी बाजूला घेऊन म्हणतं, "मुलगा हुशार आहे हो, पण आताशा डोक्यात फार हवा गेलीये. कुणाला मोजतच नाही. त्याला जरा नम्र कसं करायचं?" आणि पाठोपाठ, आवाज थोडा खाली आणून, दुसरा प्रश्न : "पण फार नम्र झाला तर जगात मागे नाही ना पडणार?"

हे दोन प्रश्न जोडीनेच येतात, कारण नम्र करायचं म्हणजे मुलाला थोडं खाली ओढायचं, अशी आपली समजूत असते. मग किती ओढायचं, हा हिशेब सुरू होतो. मला ही समजूतच मान्य नाही. खाली ओढलेलं मूल नम्र होत नाही. ते एक तर दबून जातं किंवा आतल्या आत धुमसत राहतं. आपण जिंकलो काय, हरलो काय, आपण प्रियच आहोत, याची ज्याला खात्री आहे तेच मूल नम्र होऊ शकतं.

हे मी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायातून शिकले. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. तो भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं. मुलांना हे चित्र आवडतं. पण त्याच्या अगदी आधी योहानाने जे लिहिलं आहे ते आपण घाईत ओलांडून जातो. पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे चाललो आहोत, हे जाणून येशू उठला. आपण कोण आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं, म्हणून तो वाकू शकला. दुसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो की त्याच रात्री शिष्यांमध्ये आपल्यात मोठा कोण यावरून वाद झाला होता. ज्यांना आपल्या जागेची खात्री नव्हती, ते जागेसाठी भांडत होते.

हे ध्यानात आल्यापासून फुशारकी मारणाऱ्या मुलाकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. 23वं स्तोत्र एका दमात म्हणायचा आणि म्हणून झालं की माझ्याकडे न बघता बाकीच्या मुलांच्या तोंडाकडे बघायचा. दुसरं कुणी अडखळलं की तो शब्द मोठ्याने ओरडून सांगायचा. एकदा एका मुलीने तेच स्तोत्र न चुकता म्हटलं, तेव्हा हा वहीचा कोपरा दुमडत आणि उलगडत बसला. वर्ग सुटल्यावर मी विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "आता मी दोन नंबरला गेलो." मी म्हटलं, बरं, तुला त्यातली कुठली ओळ आवडते? त्याला प्रश्नच कळला नाही. "आवडते म्हणजे? पाठ आहे मला सगळं."

त्याच्या बोलण्यात मला गर्वापेक्षा भीती जास्त ऐकू आली. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, हे तोंडपाठ असलेल्या मुलाला आपल्याला कुणीतरी सांभाळतंय हे माहीतच नव्हतं. अशा मुलाचा चारचौघांत पाणउतारा केला तर त्याची भीती खरी ठरते. आम्ही दोघं मग ते स्तोत्र सावकाश वाचत बसलो. मेंढरांमध्ये पहिलं मेंढरू कुठलं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही, हे त्याचं त्यालाच सापडलं. त्याने लगेच स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही. पण वही दुमडणं थांबलं.

आता लहानग्यांबद्दल. तीन-चार वर्षांचं मूल "बघ ना, मी काय केलं!" म्हणत कागद नाचवत येतं, त्याला कृपा करून गर्व म्हणू नका. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव आपल्या हातचं काम पाहतो आणि ते चांगलं आहे असं म्हणतो. केलेल्या कामाचा आनंद होणं देवाकडूनच आलेलं आहे. "पुरे, फार मिरवू नकोस," हे ऐकलेलं मूल नम्रता शिकत नाही, लपवायला शिकतं. थोडं मोठं झालं की ते "छे, मला कुठे काय येतं" म्हणायला लागतं आणि आपण नाही नाही, किती छान केलंस, असं म्हणावं म्हणून वाट बघत थांबतं. तोही गर्वच, फक्त मान खाली घातलेला.

मग खरा गर्व ओळखायचा कसा? मी मुलाच्या यशाकडे बघत नाही, दुसऱ्याच्या यशाच्या वेळी त्याचा चेहरा बघते. आणि त्याला मदत घेता येते का ते बघते. पाय धुण्याच्या प्रसंगात पेत्र नावाचा शिष्य येशूला म्हणतो, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस. ऐकायला किती विनयाचं वाटतं! पण येशू त्याला साफ सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. दुसऱ्यासमोर वाकणं जमतं अशा पुष्कळांना दुसऱ्याकडून काही घेणं जमत नाही.

याच कारणासाठी मुलांना सांगायला मला 2 राजे, अध्याय 5 मधली नामानाची गोष्ट सगळ्यांत आवडते. नबुखद्नेस्सराची गोष्ट जास्त गाजलेली आहे, राजवाड्याच्या गच्चीवर फिरत "हे मी उभारलेलं बाबेल" म्हणणारा राजा बैलासारखा गवत खाऊ लागतो. मुलं पोट धरून हसतात. पण ती गोष्ट आपण बहुतेक वेळा धमकीसारखी वापरतो, बघ हं, फुगलास तर तुझंही असं होईल. आणि तो राजा शेवटी स्वर्गाकडे डोळे वर करतो, त्याची बुद्धी आणि राज्यही त्याला परत मिळतं, हे सांगायचं राहून जातं.

नामानाच्या गोष्टीत माणूस हळूहळू उतरताना दिसतो. अरामाचा सेनापती, पराक्रमी, राजाचा लाडका, आणि अंगावर कुष्ठरोग. त्याला वाट दाखवते ती त्याच्या घरी काम करणारी, इस्राएलातून धरून आणलेली लहान मुलगी. शास्त्रात तिचं नावही नाही. इथे मी नेहमी थांबते आणि मुलांना विचारते, एवढ्या मोठ्या माणसाने तिचं का ऐकलं असेल? मग नामान घोडे, रथ, 10 किक्कार चांदी, 6,000 शेकेल सोनं आणि 10 पोशाख घेऊन निघतो. म्हणजे बरं व्हायचंय, पण फुकट नको! ज्याच्याकडे जायला त्या मुलीने सुचवलं तो इस्राएलातला संदेष्टा अलीशा तर दारातही येत नाही. नुसता निरोप पाठवतो, यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. नामान संतापतो. त्याला वाटलं होतं संदेष्टा बाहेर येईल, उभा राहील, रोगावरून हात फिरवील. आमच्या दिमिष्कातल्या नद्या काय वाईट आहेत, म्हणून तो पाठ फिरवतो. पुन्हा चाकरच पुढे होतात. ते विचारतात, त्याने काही अवघड सांगितलं असतं तर तुम्ही केलं नसतं का?

हा प्रश्न मुलांना बरोबर लागतो. अवघड काम करून दाखवायला सगळे तयार असतात. साधं, कुणाच्या नजरेत न भरणारं, दुसऱ्याने सांगितलेलं काम करायचं म्हटलं की नाक मुरडतं. शेवटी नामान पाण्यात उतरतो आणि त्याची त्वचा लहान मुलासारखी होते. आणि सोनं? अलीशा त्यातलं काहीच घेत नाही.

दुसरी गोष्ट लूक 18 मधली, देवाची प्रार्थना करायला आलेल्या दोघांची : परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आणि जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत तो कर गोळा करणारा. ही मी मुलांना करून दाखवायला लावते. परूशी व्हायला सगळ्यांना हवं असतं, कारण त्याला छाती काढून उभं राहता येतं. मी इतरांसारखा, या जकातदारासारखा नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो. जकातदार दूर उभा, वर बघायलाही धजत नाही, ऊर बडवून म्हणतो, हे देवा, मज पाप्यावर दया कर. खेळ संपल्यावर मी विचारते, आपण कुणासारखे? सगळे एका सुरात, "जकातदारासारखे!" एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "टीचर, मग आपण आत्ता परूशासारखंच बोललो ना? आम्ही त्याच्यासारखे नाही, असं." मला त्यात भर घालण्यासारखं काही नव्हतं.

आता आईवडिलांशी थोडं स्पष्ट बोलते. मुलाच्या डोक्यातली हवा पुष्कळदा आपल्या डोक्यातून आलेली असते. मत्तय 20 मध्ये येशूच्या दोन शिष्यांची, जब्दीच्या मुलांची, आई येशूकडे येते आणि मागते, तुझ्या राज्यात माझ्या दोन मुलांपैकी एकाला तुझ्या उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. ही आई मला फार जवळची वाटते. तिचं प्रेम खोटं नाही. पण तिच्या प्रेमाला दोनच खुर्च्या दिसतात, आणि त्या मिळाल्या की बाकीचे दहा शिष्य कुठे बसणार, हा विचार तिला शिवत नाही. ते दहा जण चिडतात, कारण त्यांनाही त्याच जागा हव्या असतात! येशू तिला झिडकारत नाही. तो मुलांना विचारतो, मी जो दुःखाचा प्याला पिणार आहे तो तुमच्याने पिववेल काय? आणि मग सांगतो, ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. मोठं होऊ नका, असं तो म्हणत नाही. तर जेवताना आपण कुणाच्या मुलाला किती मार्क पडले हे कुठल्या सुरात विचारतो, आपल्याकडे काम करायला येणाऱ्या माणसाशी कसं बोलतो, आणि चूक झाली तर मुलासमोर "माझं चुकलं" म्हणतो का, हे सगळं मुलं टिपत असतात. संडे स्कूलचा एक तास त्याच्यापुढे किती पुरणार?

राहिला तो खालच्या आवाजातला प्रश्न, मागे पडेल का. नम्र म्हणजे गप्प, असं जर आपण शिकवलं तर हो, नुसतं मागे पडणार नाही, संकटातही सापडेल. याबाबतीत मला फार कळकळीने सांगायचंय. नम्रतेच्या नावाखाली मुलांना, आणि मुलींना तर जास्तच, अन्याय सोसायला शिकवलं जातं. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, मग मोठा माणूस काहीही करो. हे शास्त्रातलं नाही. भूतलावरील सर्वांपेक्षा नम्र असं गणना 12 मध्ये ज्या मोशेला म्हटलं आहे, तोच मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहून माझ्या लोकांना जाऊ दे असा देवाचा हुकूम सांगतो. योहान 18 मध्ये प्रमुख याजकासमोर एक कामदार येशूला चपराक मारतो, तेव्हा येशू विचारतो, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? तो उलट हात उगारत नाही आणि गिळूनही टाकत नाही. नम्र मुलाला "नाही" म्हणता आलं पाहिजे, तक्रार करता आली पाहिजे, वर्गात हात वर करून "मला येतं" म्हणता आलं पाहिजे. येत असताना येत नाही म्हणणं हे तर खोटं बोलणं झालं. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो ते एवढंच, स्वतःला मानावं त्याहून अधिक मानू नका, समंजसपणे माना.

आणि बक्षिसांचं काय, असं मला विचारतात. वचन पाठांतराची स्पर्धा बंद करावी का? मी करत नाही. बक्षीस मिळालेल्या मुलाला आधी मनापासून "छान केलंस" म्हणावं, त्याला पुरतं ऐकू येऊ द्यावं. त्याच श्वासात "पण हे सगळं देवाचं हं, तुझं काही नाही" असं जोडू नये. घरी गेल्यावर, निवांत असताना, तुला कुणाकुणाची मदत झाली रे, असं विचारावं. पाठ घेणारी आजी, पुस्तक देणारा मित्र, ज्याने आठवणीत राहील अशी बुद्धी दिली तो देव, ही नावं मूल स्वतः घेईल तेव्हा "तुझ्याजवळ असं काय आहे की जे तुला दिलेलं नाही" हा पौलाचा करिंथकरांना विचारलेला प्रश्न त्याला टोमणा वाटणार नाही. आणि बक्षीस मिळालं नाही म्हणून जो रडतोय, त्याला त्या वेळी कुठलंही वचन ऐकवू नका. जवळ घ्या, नाक पुसा, रडू द्या. नामानाची गोष्ट पुढच्या रविवारीसुद्धा सांगता येते.