तोस्काना सायकल नोंदी : पाणी वर, जेवण वर, मुक्कामही वरच

मागच्या नोंदीत पुढची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, ३० दातांची बसवून घेतल्याचं लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की इटलीतल्या या तोस्कानात (टस्कनीत) काही आल्प्स नाहीत, मग एवढं हलकं गिअर कशाला? प्रश्न रास्त आहे. उंचीचे आकडे बघितले तर आपल्याला हसूच येतं. सिएना ३२२ मीटर, सान जिमिन्यानो ३२४, मोन्ताल्चिनो ५६४. पुणं स्वतःच साडेपाचशेच्या वर बसलंय!

आकड्यांत जे दिसत नाही ते सांगते. आपल्याकडे गड वर असतो आणि गाव पायथ्याशी. सायकल पायथ्याच्या गावात लावायची, चहा घ्यायचा, मग गड पायी चढायचा. इथे गाव हाच गड. तटबंदी, वेस, चर्च, किराणा, खानावळ आणि आपली झोपायची खोली, सगळं टेकडीच्या डोक्यावर. दोन गावांच्या मधे दरी. गाव सोडलं की उतार, ओढा ओलांडला की चढ, आणि हे दिवसभर. साठ किलोमीटरच्या राईडमध्ये हजार-बाराशे मीटर चढाई सहज होते आणि त्यातला एकही चढ नाव घेण्यासारखा नसतो. सिंहगडावर एकदा लय सापडली की वरपर्यंत तीच लय पुरते. इथे लय सापडेपर्यंत चढ संपलेला असतो, मांड्या तापायच्या आत उतार लागतो, त्यात अंग गार पडतं, आणि पुढच्या वळणाला पुन्हा बारा टक्के.

ही माणसं वर का जाऊन बसली, याची कारणं रस्त्यावरच कळत जातात. फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर, त्यामुळे सरहद्दीवरचं प्रत्येक खेडं तट बांधून राहिलं. शिवाय खालच्या सपाट जमिनी दलदलीच्या आणि हिवतापाच्या. पूर्वेकडची किआना नदीची दरी आज सुपीक शेतं घेऊन पसरलेली दिसते, पण तिथली दलदल मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उपसून काढली गेली. तोवर शहाण्या माणसाने खाली घर बांधू नये, असाच तो मुलूख.

गिअरचा हिशोब मागितला होता तो देऊन टाकते. पुढे ३० दात, मागे ३६. पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.८ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसहा किलोमीटर. सामानासकट यापेक्षा हळू गेलं की तोल जायला लागतो, म्हणून याहून हलकं गिअर घेऊन उपयोग नाही. पण याहून जड घेतलंत तर बारा टक्क्यांच्या वर कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, चाळिशीत येतं आणि गुडघे संध्याकाळी बोलायला लागतात.

सिएना

सोबतीला धाकटे दीर. ते म्युनिकहून सायकल घेऊन गाडीने उतरले, मी फ्लोरेन्सहून एम्पोलीमार्गे. इटलीत ज्या प्रादेशिक गाड्यांवर सायकलचं चिन्ह असतं त्यांत सायकल आहे तशी चढवता येते, तिचं वेगळं तिकीट काढायचं. वेगवान गाड्यांच्या नादी लागू नका, तिथे चाकं काढून बॅगेत भरण्याचा कुटाणा असतो. सिएनाचं स्टेशन अर्थातच खाली आहे. पायी येणाऱ्यांसाठी सरकते जिने थेट जुन्या वेशीजवळ सोडतात. भरलेली पॅनिअर (सायकलला टांगायच्या पिशव्या) घेऊन आपण रस्त्यानेच जायचं.

स्त्रादे बिआंके ही शर्यत टीव्हीवर बघणाऱ्यांना शेवटचा चढ ठाऊक असेल, व्हिया सांता कातेरिना. दोन्ही बाजूंना उंच भिंती, खाली दगडी फरशा, सर्वांत तीव्र भागात १६ टक्के. सकाळी सातला, दुकानं उघडायच्या आत गेलो. मी सामान खोलीवर ठेवून चढले, भाऊजी हट्टाने भरल्या सायकलीवर. फरशांच्या सांध्यांत पुढचं चाक अडकत नाही, पण दव पडलेलं असेल तर मागचं सटकतं. वर पोचलं की गल्ली वळते आणि अचानक कांपो समोर येतो, शिंपल्यासारखा उतरता, विटांचा, नऊ पाकळ्यांत विभागलेला चौक. शर्यत इथेच संपते. २००७ साली सुरू झालेली, म्हणजे सायकलिंगच्या मोठ्या शर्यतींत अगदीच पोरसवदा.

चौकातल्या नगरपालिकेच्या राजवाड्यात आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, सुराज्य आणि कुराज्य. सायकलवाल्यांनी ती चुकवू नयेत. सुराज्याच्या भिंतीवर वेशीतून एक रस्ता बाहेर पडतो आणि लगेच खाली उतरतो. त्यावर घोडेस्वार चाललेत, लोक माल लादलेली जनावरं हाकत वर येताहेत. भाऊजी बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, “वहिनी, हा उतार आपण परवा उतरणार आहोत.” तोच नसेल, पण जातीने तोच.

क्यांती

गायोले इन क्यांती हे गाव या भागातला अपवाद, खाली दरीत वसलेलं. वरच्या किल्ल्यांतल्या लोकांचा बाजार इथे भरायचा, म्हणून. आणि एरोइका ही जुन्या सायकलींची राईड इथूनच निघते. १९९७ साली जानकार्लो ब्रोची यांनी ती ९२ सायकलस्वारांना घेऊन सुरू केली. हेतू असा की पांढऱ्या मातीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत. १९८७ च्या आधीची सायकल, गिअरचे खटके खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा उघड्या, पेडलला पट्टे, असा नियम. ऑक्टोबरात ती असते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. पण तिचा २०९ किलोमीटरचा मार्ग वर्षभर पाट्या लावून खुला असतो, आणि आम्ही तोच तुकड्या-तुकड्यांनी करतो आहोत. आधुनिक सायकलींवर, निर्लज्जपणे.

गायोलेहून ब्रोल्यो किल्ल्याकडे जाणारा पांढरा चढ हा पहिला धडा. दोन्ही बाजूंना सुरूची झाडं. हा किल्ला रिकासोली घराण्याचा. त्यातले बेत्तीनो रिकासोली इटलीचे दुसरे पंतप्रधान, आणि क्यांती वाइनमध्ये कुठली द्राक्षं किती, हे ठरवणारेही तेच.

या वाइनच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो. त्याची गोष्ट आपल्या कामाची आहे. फ्लोरेन्स आणि सिएनाने हद्दीचं भांडण मिटवायला ठरवलं की पहाटे कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक स्वार निघेल, जिथे भेटतील तिथे हद्द. सिएनाने पांढरा कोंबडा पाळला, खाऊ घालून गुबगुबीत केला. तो निवांत उशिरा उठला. फ्लोरेन्सने काळ्याला उपाशी ठेवलं. तो अंधारातच ओरडायला लागला, आणि दोघे स्वार सिएनाच्या जवळ फोन्तेरुतोलीला भेटले. गोष्ट खरी असो-नसो, लवकर निघणाऱ्याचा रस्ता जास्त होतो हे मे महिन्यातही पटतं. अकरानंतर या रस्त्यांवर सावली शोधावी लागते.

मोन्तेरिज्जोनी आणि सान जिमिन्यानो मार्गापासून बाजूला आहेत, तरी जाऊन आलो. मोन्तेरिज्जोनी लहानशा टेकडीवर मुकुट ठेवावा तसं, चौदा बुरूज, तटाची फेरी सहाशे मीटरच्याही आत. सिएनाने १२१३ च्या सुमारास फ्लोरेन्सवर नजर ठेवायला बांधलेली चौकी. सान जिमिन्यानोत एकेकाळी बहात्तर मनोरे होते म्हणतात, आज चौदा उरलेत. गर्दी इतकी की सायकल हातात धरून चालणंही अवघड. संध्याकाळी बस गेल्यावर जा, नाहीतर लांबूनच बघा. लांबून ते जास्त चांगलं दिसतं.

क्रेते

सिएनाच्या आग्नेयेला जमिनीचा रंगच बदलतो. द्राक्षं संपतात, राखाडी चिकणमाती सुरू होते, तीच क्रेते. कधीकाळी समुद्राचा तळ होता तो. पावसाने टेकड्यांना उभे ओघळ पडलेत, वर गव्हाची हिरवी साय. पहिल्या दिवशी पाऊस लागला. ओल्या क्रेतेत पांढऱ्या रस्त्यावर जायचं नाही, हा इथला नियम आम्ही आधीच वाचून ठेवला होता. माती टायरला गुंडाळत जाते आणि फ्रेममध्ये अडकून चाक थांबतं. त्यामुळे आस्यानोपर्यंत लाउरेताना या डांबरी रस्त्याने गेलो. तोही कमी नाही. टेकडीच्या धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना उतरती शेतं, वारा आडवा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माती सुकली आणि मोन्ते सांते मारीए केला. साडेअकरा किलोमीटरचा हा पांढरा पट्टा स्त्रादे बिआंके शर्यतीतला सगळ्यात नावाजलेला. तीनदा शर्यत जिंकणाऱ्या फाबियान कान्चेलाराच्या नावाचा दगड आहे इथे. २०२४ मध्ये तादेय पोगाचार याच पट्ट्यावर बाकीच्यांना मागे टाकून सुटला आणि उरलेले ८१ किलोमीटर एकटाच गेला. आम्ही जोडीने गेलो आणि प्रत्येक झाडाखाली थांबलो.

इथे जे शिकले ते जरा सविस्तर लिहिते, कारण याच्यासाठी आपल्याकडे सराव होत नाही. बोपदेव, दिवेघाट, पसरणी, सगळं डांबर. चढ अवघड झाला की आपण सवयीने उभं राहतो. सुट्या खडीवर उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागच्या जागी फिरतं. भाऊजींचं मागून चालूच होतं, “वहिनी, बसूनच मारा, उठू नका.” सीटच्या टोकावर सरकायचं, कोपर वाकवून छाती खाली आणायची, म्हणजे मागचं चाक धरतं आणि पुढचंही उचलत नाही. रेषा निवडायची ती गाड्यांच्या चाकोरीची. मधल्या उंचवट्यावर आणि कडेला सगळी सुटी खडी जमा झालेली असते. पंधरा टक्क्यांच्या वरच्या तुकड्यांत चाकोरी बदलायला गेलात की उतरावं लागलंच म्हणून समजा, आणि पुन्हा चढून बसायला सपाटी मिळेपर्यंत ढकला.

उतार जास्त कठीण. पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात. त्यांवर ब्रेक दाबून धरला की चाक उड्या मारतं. वळणाच्या आधी, सरळ असतानाच वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचा. हँडल सैल धरायचं. मला हे आता जमतं. सुरुवातीला उतारावर भाऊजी दिसेनासे व्हायचे, आता त्यांची धूळ खाते इतपत मागे असते.

मोन्ताल्चिनो ते रादिकोफानी

ब्वोनकोन्व्हेन्तोच्या विटांच्या तटातून निघून मोन्ताल्चिनो चढलो. सिएना १५५५ मध्ये पडल्यावर तिथले लोक या गावात येऊन चार वर्षं आपलं प्रजासत्ताक चालवत राहिले. १३६१ चा किल्ला बघितला की ते कसं जमलं हे कळतं. पोटऱ्यांना आधीच कळलेलं असतं.

पलीकडे ओर्चा नदीचं खोरं, दिनदर्शिकांवर छापतात तेच. इथून व्हिया फ्रान्चिजेना जाते, उत्तरेकडून रोमला जाणाऱ्यांची वारीची वाट. कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक ९९० च्या सुमारास रोमहून परतले, त्यांच्या मुक्कामांची यादी अजून शिल्लक आहे. पाठीवर पिशवी घेतलेले यात्रेकरू भेटतात, चढावर ते आणि आम्ही जवळपास एकाच वेगाने. बान्यो व्हिन्योनीच्या मुख्य चौकात चौकच नाही, गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात उतरायला बंदी. पण ते पाणी जिथून दरीकडे वाहतं तिथे पाय सोडून बसता येतं, आणि आम्ही बराच वेळ बसलो.

मग रादिकोफानी. हा एकच चढ आपल्या ओळखीचा. खोऱ्यातून दहाएक किलोमीटर सलग, जुन्या कास्सिया रस्त्याची वळणं, वर काळ्या दगडाचा सुळका आणि त्यावर बुरूज. इथे प्रथमच सिंहगडाची सवय कामी आली. लय धरली, ती सुटली नाही. भाऊजी मागे राहिले! हा गीनो दी ताक्को या सरदार-दरोडेखोराचा किल्ला. म्हणतात, पोटाच्या विकारावर औषधी स्नानाला निघालेल्या क्लूनीच्या मठाधिपतीला त्याने इथे कोंडलं आणि नुसता भाजलेला पाव आणि वाइन देऊन बरं केलं.

खाणं-पाणी

तोस्कानाच्या पावात मीठ नसतं. घाम गाळून आलेल्या माणसाला हा विनोद वाटत नाही. पिएन्झाचं पेकोरिनो, मेंढीच्या दुधाचं खारट चीज, सोबत घेतलं की हिशोब जुळतो. शाकाहाऱ्यांची आबाळ नाही. पीची नावाच्या हाताने वळलेल्या जाड शेवया लसूण-टोमॅटोत मिळतात, रिबोल्लीता म्हणजे पावाची, पालेभाजीची आणि घेवड्याची घट्ट आमटी. मात्र दुपारी एक ते चार किराणा बंद. गावात पोचायला दोन वाजणार असतील तर खाणं आधीच्या गावातूनच बांधून घ्या.

पाण्यासाठी कबरस्तान शोधा. प्रत्येक गावाबाहेर सुरूच्या झाडांनी ओळखू येतं, आणि फुलांसाठी आत नळ असतो. ‘नॉन पोताबिले’, म्हणजे पिण्याजोगं नाही, अशी पाटी असेल तर मात्र नको. गावातल्या कारंज्यांनाही हाच नियम.

सायकलची तब्येत

चेनला मेणाचं वंगण लावलं होतं, त्यामुळे पांढरी धूळ चिकटली नाही. तेलवाल्या भाऊजींना रोज पुसावी लागली. माझे टायर ४२ मिमीचे, ट्यूबलेस, सामानासकट पुढे ३० आणि मागे ३८ पीएसआय. पंक्चर झालं असेलही, टायरमधल्या भोक बुजवणाऱ्या सीलंटने मला कळू दिलं नाही. मागच्या डिस्क ब्रेकचे ऑरगॅनिक (मऊ) पॅड ओल्या चिकणमातीच्या दिवसानंतर जवळजवळ पत्र्याला टेकलेत. पुढचा टप्पा मोन्ते आमियाता हा डोंगर, १७३८ मीटर, म्हणजे उतारही तेवढाच. सिएनात सिंटर्ड (धातूचे, टिकाऊ) पॅड मिळाले तर सोमवारी निघू, नाहीतर भाऊजींचा जादा जोड माझ्या कॅलिपरला बसतो का ते आज रात्री बघायचंय.