उत्तरेकडचं ऊन

मी आमच्या मुक्कामाच्या व्हॅनच्या टपावर आणि नवरा खाली, हातात होकायंत्र घेऊन. सोलर पॅनल एका बाजूने उचलता यावेत म्हणून बिजागऱ्या कुठल्या अंगाला लावायच्या ते ठरवत होतो. मी म्हटलं, "दक्षिणेकडे तोंड करू." तो म्हणाला, "अगं, इथे सूर्य उत्तरेला असतो." न्यूझीलंडमध्ये पाच वर्षं काढली, पण माझ्या डोक्यातला सूर्य अजून आपल्याकडचाच होता.

आपल्याकडे तो वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो. सगळा महाराष्ट्रच कर्कवृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे सावली पायाखाली गडप होण्याची आपल्याला सवय असते. इथल्या दक्षिण बेटावर ते कधीच होत नाही. आम्ही जिथे वारंवार जातो त्या ४४ अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ६९ अंश वर असतो आणि जूनमध्ये जेमतेम २२. म्हणजे हिवाळ्यात टपावर आडव्या पडलेल्या पॅनलला सूर्यासमोर धरलेल्या पॅनलच्या निम्मंसुद्धा ऊन मिळत नाही.

गाडी जुनी टोयोटा हायेस. इथे रानावनात, तळ्याकाठी मुक्काम करायचा तर बऱ्याच ठिकाणी गाडी 'सेल्फ-कंटेन्ड', म्हणजे स्वयंपूर्ण, असावी लागते. पिण्याचं पाणी, सांडपाण्याची टाकी, आणि २०२३च्या कायद्यानंतर पक्का बसवलेला संडास. विजेबद्दल त्यात काही मागणी नाही. पण अंधार पडल्यावर दिवा लागतो, फ्रिज चालतो, आणि मला लॅपटॉपवर काम करायचं असतं.

मग हिशेब मांडला. घरच्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॉट एक तासभर. फ्रिज ४५ वॉटचा, पण मधूनमधून बंद होतो, म्हणून दिवसाचे आठ तास धरले. लॅपटॉप चार तास, दिवे, फोन, पाण्याचा पंप, रात्री डिझेल हीटरचा पंखा. बेरीज झाली ८०० वॉट-तास, म्हणजे पाऊण युनिटाच्या जरा वर. १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिट मावतं. पूर्ण भरली तर दीड दिवसाची बेगमी. टपावर १७५ वॉटचे दोन पॅनल बसत होते. उन्हाळ्यात एवढ्यावर उरतं, हिवाळ्यात पुरत नाही, म्हणून गाडी चालताना इंजिनवरून बॅटरी भरणारा चार्जरही घातला. पाणी तापवणं मात्र गॅसवरच ठेवलं. २००० वॉटची किटली १२ व्होल्टवर चालवायची तर दीडशेहून जास्त अँपिअर लागतात, आणि तेवढा करंट वाहायला अंगठ्याएवढी जाड वायर हवी.

जोडणी मी केली. दोन दिवस लागले, आणि त्यातला दीड दिवस वायर कापणं, टोकं दाबणं आणि प्रत्येक जोड ओढून बघणं यातच गेला. कुणी करणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं एकच: फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. पत्र्याला घासून वायर सोलली गेली तर फ्यूज उडून वीज तोडतो, पण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला हे संरक्षण नसतं, म्हणून तो शक्य तितका आखूड हवा. दुसरं, पॅनलला बंद करायचं बटण नसतं. उजेड पडला की तो वीज करू लागतो. मी दोन्ही पॅनलवर जाड घोंगडी टाकूनच हात लावला. कंट्रोलरला, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्याला, आधी बॅटरी जोडायची आणि मग पॅनल, सोडवताना उलट. पॅनल आणि टप यांच्यात हवा खेळेल एवढी फट ठेवली, कारण पॅनल तापला की वीज कमी करतो. थंडीत उलट होतं, व्होल्टेज चढतं. दोन पॅनल एकामागे एक जोडलेले असताना कंट्रोलरची मर्यादा त्या चढलेल्या आकड्याच्या वर असावी लागते.

सावलीची मात्र मला कल्पना नव्हती. पहिल्याच मुक्कामी फोनवर २१० वॉट दिसत होते, आणि पाणी भरून परत येते तो ११०. आभाळ स्वच्छ. टपावर चढून पाहिलं तर पॉप्लरच्या एका फांदीची, माझ्या मनगटाएवढी, सावली एका पॅनलवर आडवी पडली होती. पॅनलमधले सेल माळेतल्या मण्यांसारखे एका ओळीत असतात. एकाने अडवलं की ओळ अडते. आतल्या डायोडमुळे सगळा पॅनल बंद पडत नाही एवढंच. गाडी चार हात पुढे घेतली आणि आकडा परत आला.

खरी परीक्षा जूनमध्ये पुकाकी तळ्यावर झाली. सकाळी काचांवर आतूनही बर्फाची जाळी धरली होती. पॅनल पुसून घेतले, ऊन आलं, आणि चार्जिंग शून्य. तासभर मी एकेक जोड तपासत बसले. दोष कशातच नव्हता. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली भरली तर आतून कायमची बिघडते, म्हणून तिच्यातली यंत्रणा स्वतःच भरणं थांबवते. वीज द्यायचं चालू, घ्यायचं बंद. मीच ती मागच्या दाराला लागून ठेवली होती, गाडीतल्या सगळ्यांत गार जागी. परतल्यावर पहिलं काम ते केलं. आता ती मधल्या बाकाखाली, हीटरच्या नळीशेजारी, फोमच्या पेटीत असते.

त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा तिथेच गेलो. तळ्याच्या दक्षिण काठावर होकायंत्र लागत नाही. आओराकी, ३७२४ मीटरचं या देशातलं सर्वांत उंच शिखर, तिथून बरोबर उत्तरेला दिसतं. गाडीचं नाक पूर्वेला केलं की डाव्या हाताचं सरकतं दार शिखरासमोर येतं आणि बिजागऱ्यांवर उचललेले पॅनलही त्याच दिशेला. एक दिवस पॅनल आडवे ठेवले, ४५० वॉट-तास मिळाले. दुसऱ्या तितक्याच निरभ्र दिवशी उचलून ठेवले, ८००. अख्ख्या दिवसाची गरज, गाडी जागची न हलवता.

चारच्या सुमारास वारा सुटला तशी मी वर चढून पॅनल मिटवले आणि खिट्ट्या लावल्या. काच अजून कोमट होती.