लीथचा धक्का आणि माझे पाच स्टार

एडिनबराचे पहिले दोन दिवस किल्ला, पाऊस आणि पायऱ्या यात गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी ट्रामने लीथला, म्हणजे एडिनबराच्या बंदरावर आलो, 'सी व्ह्यू'वाली रूम घेतली होती ना! खिडकी उघडली तर समोर भिंत आणि ड्रेनेजचे पाइप. पण मालक एवढा गोड, बॅगा स्वतः वर आणल्या, चहा करून दिला, मग बोलायची हिंमतच होईना.

चिडून धक्क्यावर फिरायला गेलो. जानेवारी १८२३ मध्ये इथूनच केनर्स्ली कॅसल नावाचं जहाज सुटलं, त्यात जवळजवळ २०० माणसं, सगळी पोयाइस नावाच्या देशात स्थायिक व्हायला निघालेली, आणि हा देशच अस्तित्वात नव्हता! ग्रेगर मॅकग्रेगर हा इथलाच स्कॉटिश माणूस, मध्य अमेरिकेतल्या मॉस्किटो किनाऱ्यावर आपण राजे आहोत म्हणायचा. राजधानी, ऑपेरा हाऊस, बँक, सगळं कागदावर. जमिनी विकल्या, नोटा छापल्या, एका मोच्याला तर राजकन्येचे जोडे शिवायची नेमणूक दिली. लोकांनी आपले खरे पाउंड देऊन त्या पोयाइसच्या नोटा घेतल्या. तिकडे पोचले तर नुसतं जंगल, मग पाऊस, ताप. तो मोची गोळी झाडून घेऊन मेला. आधी लंडनहून गेलेलं जहाज धरून २५० च्या आसपास लोक गेले, त्यातले ५० पण ब्रिटनला परतले नाहीत.

पण मला खरं हलवलं ते जेम्स हेस्टी या माणसाने. दोन मुलं गमावून परत आला आणि म्हणाला, मॅकग्रेगरचा दोष नाही, बाकीच्यांनी घोळ घातला. धक्क्यावर वारा इतका बोचरा होता की डोळ्यातून पाणी येत होतं, त्यात हेस्टीसाठी किती ते माहीत नाही. आधी वाटलं, काय मूर्ख माणूस. मग वाटलं, एवढं गमावल्यावर आपणच भुललो हे तो कुठल्या तोंडाने म्हणणार?

मॅकग्रेगर पुढे १८४५ मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकासला वारला, लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. स्पेनविरुद्ध बोलिव्हारने लढलेल्या स्वातंत्र्याच्या लढाईतला जनरल ना तो, आणि ते मात्र खरं होतं.

रात्री बायको म्हणाली, रिव्ह्यूत पाइपांचं लिहिलंस ना? मी लिहिलं होतं, 'होस्ट अतिशय प्रेमळ', आणि पाच स्टार. अजून बदललेला नाही.