तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांच्या पुस्तकाला प्रकाशक आणि पैसा कुठून येतो?

"ताई, मी मुलांसाठी गोष्टी लिहिल्यात. प्रकाशक कसा शोधू? आणि पुस्तक काढायला मला किती पैसे घालावे लागतील?" प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका हे विचारतात. नातवंडांना गोष्टी सांगता सांगता वही भरलेले आजोबा विचारतात, नोकरी सांभाळून बालकविता लिहिणारी तरुण मंडळीही विचारतात. फोनवर याचं उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण माणसं तिथेच जास्त फसतात. पुस्तक छापायला लेखकाने पैसे द्यायचे नसतात. प्रकाशक म्हणजे पुस्तकावर स्वतःचा पैसा लावणारा माणूस. 'सहकार्य तत्त्वावर काढू', 'फक्त तीनशे प्रती तुम्ही घ्या', 'छपाईचा खर्च तुमचा, बाकी आम्ही पाहतो' असं कुणी म्हणालं, तर तो तुम्हाला छपाईची सेवा विकतो आहे, हे समजून घ्या. त्या सेवेत पुस्तक छापून तुमच्या घरी येतं, मुलांपर्यंत जात नाही. त्याचा पैसा तुमच्याकडून आधीच वसूल झालेला असतो, मग दुकानं, शाळा आणि प्रदर्शनं फिरायची त्याला निकड कशी वाटणार? आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, वेगळे पैसे मागितले तर तिथेच थांबा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतःलाही अर्ज करता येतो.

मग प्रकाशकाचा पैसा जातो कुठे? हे कळलं की प्रकाशक तुमच्या गोष्टीकडे कसं बघतो, तेही कळतं. मोठ्यांच्या कादंबरीत खर्च मुख्यतः कागदाचा आणि छपाईचा. मुलांच्या चित्रपुस्तकात त्याच्या आधी चित्रकार येतो. चोवीस किंवा बत्तीस पानांच्या पुस्तकात तो काही महिने गुंतलेला असतो आणि अर्धी गोष्ट तोच सांगतो. त्यानंतर मांडणी, चार रंगांची छपाई, हाताळणीत टिकेल असा जाड कागद. रंगीत छपाईची पूर्वतयारी पाचशे प्रतींना जेवढी लागते तेवढीच पाच हजारांनाही लागते, त्यामुळे प्रती कमी असल्या की दर प्रतीमागचा खर्च चढतो. मराठीत पहिली आवृत्ती साधारण हजारभर प्रतींची असते. त्यात छापील किमतीतला मोठा हिस्सा वितरक आणि विक्रेत्याच्या कमिशनमध्ये जातो. आईबाबा वाढदिवसाच्या केकवर विचार न करता खर्च करतात आणि बत्तीस पानांच्या पुस्तकाची किंमत बघून ते परत ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं. पण प्रकाशकाला याच बाजारात उभं राहायचं असतं.

म्हणूनच काही प्रकाशक एकच पुस्तक अनेक भाषांत काढतात. मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवला की भाषा बदलताना त्या एका रंगाची छपाईची प्लेट तेवढी बदलावी लागते, बाकी रंग तेच राहतात आणि चित्रांचा खर्च सगळ्या भाषांत वाटला जातो. चेन्नईचं तुलिका मराठीसह बऱ्याच भारतीय भाषांत चित्रपुस्तकं काढतं. 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही मालाही अनेक भाषांत निघते. अशा ठिकाणी गोष्ट पाठवताना एवढं बघा, की ती फक्त यमकावर किंवा एखाद्या मराठी शब्दाच्या गमतीवर उभी आहे का. तशी असेल तर ती मराठी प्रकाशकाकडेच न्या. तिथे ती गंमत पुरेपूर खुलेल.

आता पहिला प्रश्न. प्रकाशकांची यादी मिळवणं सोपं आहे, पण यादी समोर ठेवून सगळ्यांना हस्तलिखिताचं एकच बाड पाठवण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा जवळच्या वाचनालयात किंवा एखाद्या ग्रंथप्रदर्शनात मुलांच्या कपाटापुढे बसा. तुमच्या गोष्टीच्या वयोगटातली पुस्तकं काढा आणि प्रत्येकाचं श्रेयनामाचं, म्हणजे प्रकाशक-चित्रकारांची नावं असलेलं, पान वाचा. चार-सहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तकं कोण काढतंय, दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरिका कोण काढतंय, विज्ञानाची पुस्तकं कुणाकडे आहेत, हे तासाभरात दिसायला लागतं. पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी आवर्जून बघावं असं. त्यांची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून पाहा, चित्र जे सांगतं ते मजकूर पुन्हा सांगत नाही. लिहिणाऱ्याने शिकण्यासारखं यात पुष्कळ आहे.

माझा आग्रह मात्र असा, की पुस्तकाच्या आधी मासिकात लिहा. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवलेले आहेत. ते वाचणं हेच एक शिक्षण आहे. अगदी लहानग्यांसाठी 'चिकूपिकू' आहे, थोड्या मोठ्यांसाठी 'वयम्' आहे. 'साधना' साप्ताहिक दिवाळीत बालकुमारांसाठी वेगळा अंक काढतं. मासिकातून मानधन थोडं मिळत असेल, पण तिथे संपादक भेटतो. गोष्ट कापून, जोडून, 'शेवट दोन ओळी आधी झालाय' असं सांगणारा माणूस नव्या लेखकाला दुसरीकडे सहसा मिळत नाही. शिवाय मुलांच्या पुस्तकांचे प्रकाशकही हे अंक वाचतात. मग तुमचं नाव त्यांना अगदीच अनोळखी राहत नाही.

बाड पाठवताना त्यासाठी कुणाकडून चित्रं करवून घेऊ नका. भाचीकडून, ओळखीच्या कलाशिक्षकाकडून चित्रं करून घेऊन लोक पाठवतात. मग गोष्ट आवडली तरी चित्रांमुळे प्रकाशक अडतो आणि त्या चित्रकाराला नाही म्हणायची वेळ तुमच्यावर येते. चित्रकार निवडणं हे प्रकाशकाचं काम. स्वतः चित्रकार असाल तर गोष्ट वेगळी. तुम्ही फक्त कुठल्या पानावर काय घडतं, याचा कच्चा आराखडा द्या. सोबतच्या पत्रात वयोगट आणि शब्दसंख्या लिहा. 'संस्कारक्षम' हा शब्द गाळा. गोष्ट चांगली असेल तर ते वाचणाऱ्याला कळेलच.

पैशाची मदत कुणी करतं का, असंही विचारता. करतं, पण ती मदत पुस्तकाला असते. घरी बसून लिहिण्यासाठी म्हणून पैसे मिळणं मराठीत फार दुर्मीळ आहे आणि ही आपल्याकडची खरी उणीव आहे. नव्या लेखकाला सगळ्यात उपयोगाची योजना महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची. हे मंडळ 1960 साली स्थापन झालं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष होते. पहिलं पुस्तक प्रकाशित करण्यासाठी मंडळ नवलेखकांना अनुदान देतं आणि त्यात बालवाङ्मयही आहे. मंडळ हस्तलिखितं मागवतं, तज्ज्ञांकडून तपासून घेतं आणि निवडलेल्या हस्तलिखितांना अनुदान मिळतं. अर्ज मागवल्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि नियम मूळ पत्रकातच वाचा. कुणी सांगितलेल्या जुन्या रकमेवर हिशेब मांडू नका.

पुरस्कार हा निधी नव्हे, तो पुस्तक निघाल्यावरचा भाग. तरी माहीत असू द्या. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे वेगळे विभाग आहेत, त्यांना बालकवी, साने गुरुजी, राजा मंगळवेढेकर अशी नावं आहेत. साहित्य अकादेमीचा बाल साहित्य पुरस्कार 2010 पासून 24 भाषांत दिला जातो आणि त्याची रक्कम 50 हजार रुपये आहे.

पुस्तक टिकतं ते मात्र खरेदीवर. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना पुस्तकांसाठी ग्रंथालय अनुदान मिळतं. सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी असते, कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही ग्रंथालयांना पुस्तकं पुरवायला मदत करतं. प्रकाशकाशी बोलताना 'रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, किती?' याच्या बरोबरीने 'शाळा-ग्रंथालयांपर्यंत पुस्तक कसं नेता?' हे विचारा. ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, तो तुमचा प्रकाशक.

पैशापेक्षा पोहोच मोलाची वाटत असेल तर बेंगळुरूची प्रथम बुक्स ही संस्था आहे. 2004 साली सुरू झालेली, ना-नफा तत्त्वावर चालणारी. 2015 पासून तिचं 'स्टोरीवीव्हर' हे इंटरनेटवरचं खुलं व्यासपीठ आहे. कुणीही तिथे गोष्ट लिहू शकतं, दुसऱ्याच्या गोष्टीचं मराठी करू शकतं. तिथला परवाना मात्र समजून घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या त्या परवान्यानुसार कुणीही तुमचं नाव देऊन ती गोष्ट छापू, बदलू आणि विकूही शकतो आणि दिलेली परवानगी नंतर मागे घेता येत नाही. पाड्यावरच्या शाळेत ती गोष्ट छापून वाटली जाणार असेल तर मला हा सौदा मान्य आहे. तुम्हाला तो पटतो का, हे गोष्ट टाकण्याआधी ठरवा.

शेवटी करारपत्र. ओळखीतला प्रकाशक असला तरी लेखी करार हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 लेखकाच्या बाजूचं आहे. हक्क देणं लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. मिळालेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास तो संपुष्टात येतो. त्यामुळे 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं तर सही करण्याआधी मुदत घालायला सांगा. भाषांतर, श्राव्य पुस्तक, नाट्यरूपांतर यांची स्वतंत्र कलमं मागा. चित्रपुस्तकात रॉयल्टी लेखक आणि चित्रकारात वाटली जाते का, चित्रकाराला एकरकमी पैसे मिळतात का, तेही विचारा आणि त्याचं नाव मुखपृष्ठावर तुमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात असावं, असा हट्ट धरा.

बाड एकाच वेळी दोन प्रकाशकांना पाठवावं का, हे बरेच जण दबकत विचारतात. पाठवा, पण दोघांनाही तसं पत्रात कळवा. उत्तराला काही महिने लागतात, तेवढ्यात पुढची गोष्ट लिहायला घ्या.