आसूदच्या चढावर लुकलुकलेला दिवा: श्रीवर्धन ते गुहागर, गाडीच्या नजरेतून

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली की बाणकोटच्या खाडीपलीकडे वेसवी. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै. या रस्त्यावरच्या समुद्राबद्दल आणि माशांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालत नाही. हर्णैहून दापोलीकडे येताना आसूदच्या चढावर डॅशबोर्डवरचं पिवळं इंजिन लुकलुकायला लागलं, त्याबद्दल सांगतो.

गाडी चार सिलिंडरची पेट्रोल. माणसं चार, डिकी गच्च, दुसरा गिअर. गाडी आचके द्यायला लागली, पिकअप गेला आणि चेक इंजिनचा दिवा उघडझाप करू लागला. सपाटीवर आल्यावर तो स्थिर झाला, आचकेही जवळजवळ थांबले.

हा फरक नीट लक्षात ठेवा. दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर सावकाश मुक्कामी पोचता येतं. लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन पेटतं आणि त्याला आतून भाजून काढतं. ठिणगी पाडणारा प्लग किंवा त्याला वीज पुरवणारी कॉइल बदलून भागणारं काम मग कन्व्हर्टरवर जातं. अशा वेळी पाय उचला, एसी बंद करा, सोयीची जागा बघून थांबा. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र जागा शोधत बसू नका, तिथेच इंजिन बंद.

दापोलीत मुक्कामाच्या घरी पोचल्यावर बॉनेट उघडायला निघालो तर काकी म्हणाल्या, "आधी चाय घ्या. गाडी काय पळून जात नाय." बरोबरच होतं. गरम इंजिनवर हात घालण्यात अर्थ नव्हता.

तोवर कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, वाचून घेतला. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट (बिघाड वाचायची खाच) असतं. त्यात ब्लूटूथचं डोंगल लावायचं, चावी ऑनवर ठेवायची आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर कोड बघायचा. आयफोनवाल्यांनी डोंगल घेताना ते आयफोनला चालतं ना हे विचारून घ्यावं, साधी ब्लूटूथवाली बरीच चालत नाहीत. आणि निघण्यापूर्वी घरीच एकदा जोडून बघा. केळशीच्या आसपास आमच्या मोबाइलला रेंज नव्हती. अ‍ॅप तिथे उतरवू म्हणाल तर बसाल.

कोड आला पी०३०२. पी०३०० म्हणजे मिसफायर कुठेही, ठरावीक सिलिंडर नाही. शेवटचा आकडा एक ते चार असेल तर तो सिलिंडरचा नंबर. पहिला सिलिंडर बहुतेक गाड्यांत बेल्टच्या बाजूचा. कोडसोबत फ्रीज फ्रेम साठवलेली असते, त्या क्षणाचे आरपीएम (इंजिनचे फेरे), लोड (इंजिनवरचा ताण), तापमान. त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि मगच कोड पुसा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा सल्ला हमखास मिळेल. त्याने दिवा जातो आणि पुरावाही जातो.

गल्लीतले मेस्त्री आले, त्यांनी कोड ऐकण्याआधी टॉर्चने वायरी बघितल्या. "वाडीत गाडी लावलीत की आमचा पयला संशय उंदरावर." वायरी शाबूत होत्या. मग दहाचा पाना घेऊन दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावली, कोड पुसला आणि तोच चढ पुन्हा चढलो. आता कोड पी०३०३. बिघाड कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. सरकला नसता तर पुढे प्लग, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तपासायचा. या अदलाबदलीला पैसा लागत नाही, आणि अंदाजाने सुटे भाग बदलत जाण्यापेक्षा ती कितीतरी बरी. फक्त तपासणीचा चढ थोडक्यात उरका, लुकलुक दिसली की मागे फिरा.

दापोलीत आमच्या गाडीची कॉइल मिळाली नाही. खेडहून मागवली, दुसऱ्या दिवशी एसटीने आली. किनाऱ्यावर असाल तर दुकानांसाठी खेड किंवा चिपळूण, दोन्ही महामार्गावर आहेत.

सीएनजीवाल्यांनी आधी गाडी पेट्रोलवर चालवून बघावी. सीएनजीला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे थकलेली कॉइल तिथे आधी उघडी पडते. आणि चेक इंजिनचा दिवा लागला की "पेट्रोलचं झाकण घट्ट करा" हा इंटरनेटवरचा पहिला उपाय अमेरिकेतला आहे. तिथे टाकीच्या वाफेची गळती तपासणं बंधनकारक आहे. आपले नियम युरोपच्या वळणाचे, त्यात ती सक्ती नाही. झाकण बघा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांची डिझेल गाडी असेल आणि डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा) दिवा लागला, तर या अरुंद वळणांच्या रस्त्यावर तो सहसा जात नाही. महामार्गावर एका वेगाने सलग चालवावी लागते.

कॉइल बसवल्यावर दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, तिथून गुहागर. परतताना चिपळूणहून कुंभार्ली घाट धरला, कारण दुरुस्ती तपासायला भरल्या गाडीने एवढा चढ दुसरीकडे सहज मिळत नाही. पाटणला चहाला थांबून डोंगल लावलं, तर साठलेला कोड नाही आणि पेंडिंगही (अजून पक्का न झालेला) नाही. पेंडिंगचा रकाना जरूर बघा, दिवा लागण्याआधी कोड तिथे येतो.