पहिल्यांदा गाणाऱ्याची जागा

गुरुवार, रात्री उशिरा

ब्रिटनमधल्या फोक क्लबांत, म्हणजे लोकगीतं गायला-ऐकायला लोक जमतात तिथे, एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे: वाटेल त्याने गावं, की बरं गाणाऱ्यानेच? १९६१ साली लंडनमध्ये सिंगर्स क्लब सुरू झाला, तिथे लोकगायक इवान मॅकॉल आणि पेगी सीगर यांचा आग्रह कडक होता. गायकाने आपल्या भाषेतली, आपल्या परंपरेतली गाणीच गावीत. त्या आग्रहामुळे बरेच जण अमेरिकी गाण्यांची नक्कल सोडून घरच्या गाण्यांकडे वळले, हे मोठंच काम झालं. पण तोच काटेकोरपणा पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्याला लावला, तर तो पुन्हा येणार नाही.

दर्जा मागायचा तो तयारीचा. आवाज ज्याला जसा मिळाला तसा. शब्द पाठ करणं, पट्टी ठरवणं आणि वाद्य सुरात लावणं मात्र कुणालाही जमतं.

सगळ्यात जास्त गाणी बिघडतात ती पट्टीमुळे. घाबरलेला माणूस हमखास वर सुरू करतो, कोरसमध्ये त्याचा आवाज फाटतो आणि ऐकणाऱ्यांनाही साथ देता येत नाही. म्हणून गाण्यातला सगळ्यात वरचा सूर आधी हळूच गुणगुणून बघावा, तो आरामात लागला तरच सुरुवातीचा सूर धरावा. गिटार थंडीतून उबदार खोलीत आली की पोलादी तारा सैलावतात आणि सूर उतरतो. वीसेक मिनिटं आधी ती पेटीतून काढून ठेवावी, मग लावावी. कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी वर नेणारा चिमटा, फार घट्ट बसला की तारांचा सूर चढतो. तो फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या कांबीच्या, अगदी मागे लावून पुन्हा सूर तपासायचा.

बॅलडमधली, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लांब गाण्यातली, कडवी एकमेकांसारखी असतात, त्यामुळे गायक सातव्यातून थेट बाराव्यात जातो आणि मधली निम्मी गोष्टच गळते. प्रत्येक कडव्याचे पहिले दोन शब्द लिहिलेलं छोटं कार्ड पुरतं. फोनवरून वाचताना हनुवटी खाली जाते, आवाज जमिनीकडे जातो, आणि ऐन वेळी पडदा काळा होतो.

बाकीची जबाबदारी क्लबाची. दारावर असणाऱ्याने नव्या माणसाला विचारावं, ‘गाणार आहात की ऐकायला आलात?’ ऐकायलाच आला असेल तर विषय तिथेच सोडावा. गाणार असेल तर दोन गाणी, नंबर कितवा आणि आधी कोण, हे तेव्हाच सांगावं. नंबर न कळता तासभर वाट बघण्यानेच माणूस निम्मा खचतो. त्याला पहिला नंबर देऊ नये, कारण तेव्हा खोली तापलेली नसते. सगळ्यात तयार गायकानंतरही नको. पहिल्या भागात दुसरा-तिसरा उत्तम.

तिकीट लावून पाहुणा कलाकार बोलावला असेल त्या रात्री फ्लोअर स्पॉट, म्हणजे जमलेल्यांपैकी कुणी उठून गाण्याच्या संधी, मोजके आणि ओळखीच्या गायकांनाच द्यावेत, ते मला रास्त वाटतं. लोकांनी पैसे मोजलेले असतात. नवख्यांसाठी सिंगअराउंडची, म्हणजे सगळ्यांनी आळीपाळीने गाण्याची, रात्र आहे, तिथे चुकलेलं कडवं पुन्हा सुरू करायला कुणाची ना नसते.

गाणं झाल्यावर लगेच सल्ला देऊ नये. ‘हे गाणं कुठे मिळालं?’ एवढं विचारावं. बोलणं सुरू होतं, आणि पट्टीचा विषय बहुतेक वेळा गायक स्वतःच काढतो.