फोड आजचे, विषाणू जुना

त्या दुपारी आलेला रिपोर्ट बघून प्रसूती विभागातल्या मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. तोच कागद खाली आमच्या खोलीत आला तेव्हा एका संसाराचा पाया हलला.

मी एका जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. गुप्तरोगाची तक्रार घेऊन आलेल्यांशी पडद्याआड बसून बोलणं हे माझं रोजचं काम. ही गोष्ट ज्यांची आहे त्यांची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही, काही तपशील मुद्दाम बदललेत. पण जे झालं ते असंच झालं.

मुलगी पहिलटकरीण. पस्तिसावा आठवडा चालू, बाळंतपणाला माहेरी आलेली. नवरा चाकणला कंपनीत कामाला, खोलीवर मित्रांबरोबर राहणारा. लघवी करताना आग होते म्हणून ती दाखवायला आली आणि तपासताना सिस्टरना फोड दिसले. बारीक, पाण्याने भरलेले, एकाच जागी झुबक्याने आलेले. काही फुटून वरवरच्या जखमा झालेल्या. आमच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी बघितलं आणि हर्पिस म्हणून सांगितलं, म्हणजे संबंधातून होणारा, विषाणूमुळे येणारा फोडांचा आजार. आमच्याकडे औषधांच्या किटांना रंग असतात. हर्पिसचं किट लाल. त्यात असायक्लोविर हे विषाणूला दाबणारं औषध, ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. गरोदरपणात ते देता येतं. ती पाकीट मुठीत घट्ट धरून बसली होती. बाहेरच्या बाकावरच्या बायकांना रंग दिसू नये म्हणून तिने ते पदराखाली घेतलं.

एरवी फोड म्हटल्यावर गोळ्या, समुपदेशन आणि जोडीदाराला बोलावणं, एवढ्यावर काम चालतं. इथे पोटात बाळ होतं आणि दिवस भरत आले होते. हर्पिसचा विषाणू नवजात बाळाला झाला तर तो मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाऊ शकतो. औषध देऊनही काही बाळं दगावतात, काहींना कायमचं अपंगत्व येतं. बहुतेक वेळा ही लागण जन्मताना, योनिमार्गातून येताना होते. म्हणून डॉक्टरांना एकच प्रश्न पडला होता: हा विषाणू हिच्या अंगात नुकताच शिरलाय, की आधीपासून आहे? आईला शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली असेल, तर बाळाला होण्याचा धोका ३० ते ५० टक्के. लागण जुनी असेल तर तो एक टक्क्याच्याही खाली. कारण जुन्या लागणीत आईच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तयार झालेल्या असतात, त्या वारेतून बाळाकडेही गेलेल्या असतात. नवी लागण म्हणजे सिझेरियन जवळजवळ ठरलेलं. जुनी असेल, आणि कळा सुरू होताना फोड किंवा आग नसेल, तर नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं.

वर प्रसूती विभागात हा प्रश्न बाळासाठी चालला होता. खाली माझ्या टेबलासमोर तिची आई तोच प्रश्न जावयासाठी विचारत होती.

आईच्या हातात आधीच एक कागद होता. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी बाहेर एका लॅबमध्ये रक्त दिलं होतं. हर्पिस आयजीएम, म्हणजे एका प्रकारच्या अँटिबॉडीची तपासणी, पॉझिटिव्ह. काउंटरवर कुणीतरी सांगितलं, आयजीएम म्हणजे ताजं इन्फेक्शन. झालं. माउलीने हिशेब मांडला. लेक चार महिन्यांपासून माहेरी, जावई मधे दोनदा येऊन राहून गेला, तो तिकडे एकटा राहतो. "मॅडम, त्यानंच आणलं. माझ्या लेकीच्या पोटात लेकरू असताना आणलं." जावयाला फोन गेला होता. तो रात्रीच्या एसटीने निघाला होता.

या आयजीएमबद्दल मला मनापासून राग आहे. हर्पिसमध्ये ही तपासणी नवं-जुनं सांगू शकत नाही. जुना विषाणू पुन्हा उसळला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि विषाणू टाइप १ (बहुधा ओठांवर येणारा) की टाइप २ (बहुधा जननेंद्रियांवर येणारा) हेही ती धडपणे ओळखत नाही. तरी ती सर्रास केली जाते आणि तिच्यावर लोक घरातल्या माणसांचे निकाल लावून मोकळे होतात. डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला. फोडातल्या पाण्याचा स्वॅब पीसीआरला, म्हणजे थेट विषाणू शोधणाऱ्या तपासणीला, आणि रक्त टाइप २च्या आयजीजीला, म्हणजे उशिरा तयार होऊन टिकणाऱ्या अँटिबॉडीच्या तपासणीला, असं दोन्ही पुण्याच्या लॅबला पाठवलं.

रिपोर्ट आला त्याच दिवशी जावई येऊन पोचला. अंगावर कंपनीचा शर्ट, डोळे लाल. सासूने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो आत आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, मला कधीच काही झालेलं नाही. तपासा. आत्ता तपासा."

डॉक्टरांनी तपासलं. कातडी स्वच्छ. फोड नाही, व्रण नाही, जांघेत गाठ नाही. तो पँटचा पट्टा लावत बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा निर्दोष सुटल्यासारखा झाला होता. "झालं ना समाधान?" तो सासूला म्हणाला.

मी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं आणि पडदा ओढला. "दादा, कातडी स्वच्छ आहे हे चांगलंच आहे. पण त्यावरून विषाणू नाही असं म्हणता येत नाही," मी म्हटलं. केसपेपरच्या पाठीवर मी मणका काढला, खालच्या टोकाशी मज्जातंतूंची गाठ काढली, तिथून निघून जननेंद्रियाच्या, जांघेच्या, नितंबाच्या कातडीला जाणाऱ्या नसा काढल्या. विषाणू त्या गाठीत जाऊन बसतो, तो कायमचा. माणूस शेतकऱ्याच्या घरातला होता, म्हणून म्हटलं, लव्हाळ्यासारखं समजा. वरून खुरपून काढलं तरी खाली गाठ राहते, आणि वर पात दिसत नाही म्हणून खाली गाठ नाही असं होत नाही. अधूनमधून विषाणू नसेतून कातडीपर्यंत उतरतो. कधी त्याचे फोड येतात. पुष्कळदा काहीच येत नाही. काही तास तो कातडीवर असतो आणि शरीर त्याला दाबून टाकतं. ना खाज, ना आग. त्या तासांत संबंध आला तर तो समोरच्याला जातो.

"फोड नसताना?"

"फोड नसताना."

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. रक्तात टाइप २ असलेल्या ४९८ जणांनी रोज स्वतःचे स्वॅब घेतले. २०११ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांना पूर्वी फोड येऊन गेले होते त्यांच्यात साधारण २० टक्के दिवस विषाणू सापडला. आणि ज्यांना आयुष्यात कधी काही झाल्याचं आठवत नव्हतं त्यांच्यातही १० टक्के दिवस. दहा दिवसांतला एक. मी हे समजावून सांगते तेव्हा पेशंट बहुधा बोटं मोजतात. त्यानेही मोजली.

मग मी रिपोर्ट उघडला. स्वॅबमध्ये टाइप २. रक्तात टाइप २च्याच अँटिबॉडी, आणि आकडा पॉझिटिव्ह ठरवणाऱ्या कटऑफच्या इतका वर की शंकेला जागा नाही. फोड येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. या अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात, कधी तीन महिने किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे विषाणू या आठवड्यातला नव्हता. फोड पहिल्यांदा आले, पण लागण जुनी.

वर मॅडम खूश होत्या, बाळाचा मोठा धोका टळला होता. इथे त्या पोराच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्यासमोर बदलला. त्याला अर्थ लागला तो असा: माझ्यावर आळ घेतला, आणि हिला तर आधीपासूनच आहे. तो हळू आवाजात म्हणाला, "मग मी विचारू का तिला?"

हर्पिसमध्ये सगळ्यात अवघड जागा हीच. रिपोर्ट सांगतो की विषाणू जुना आहे. किती जुना, चार महिने की चार वर्षं, हे तो सांगत नाही. कुणाकडून आला, हे तर कुठलीच तपासणी सांगत नाही. त्यांच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. विषाणू त्याच्याकडून पहिल्या वर्षी आलेला असू शकत होता, त्याला स्वतःला कधी कळलेलं नसताना. तो तिच्यात लग्नाआधीपासून असू शकत होता. एका जोडीदाराला असूनही दुसऱ्याला वर्षानुवर्षं होत नाही, असंही घडतं. हे सगळं मी त्याला सांगितलं, आणि एकही शक्यता लपवली नाही. "माझं रक्त घ्या," तो म्हणाला. मी म्हटलं, घेऊ. पण आज तुमचा रिपोर्ट काहीही आला तरी बाळाचे उपचार बदलणार नाहीत. पॉझिटिव्ह आला तर कोणाला आधी, ते कळणार नाही. निगेटिव्ह आला तर तुम्ही बाहेर जाऊन काय बोलाल, ते आधी ठरवा. बाळंतपणानंतर मात्र त्या रिपोर्टचा खरा उपयोग आहे, कारण तुम्हाला नसेल तर तुम्हाला जपता येईल. तो बराच वेळ कागदावरच्या त्या नसा बघत बसला. मग म्हणाला, "बाळंतपण होऊ दे."

मुलीशी मी वेगळं बोलले. ती रडत नव्हती. सावकाश तिने सांगितलं की पाळीच्या आधी कधीकधी एका बाजूला चुरचुरायचं, मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणायची, दोन-तीन दिवसांत बरं व्हायचं. कधीपासून? तिला आठवेना. मी ताणून धरलं नाही. हर्पिस असलेल्या पुष्कळ जणांना असंच किरकोळ काहीतरी होत असतं आणि ते घामाचं, पॅडचं, बुरशीचं समजून निघून जातं. म्हणूनच तो एवढा पसरलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १५ ते ४९ वयाच्या ८४ कोटींहून जास्त लोकांना जननेंद्रियांचा हर्पिस होता. पाचात एकाहून अधिक. त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही.

आईला किती सांगायचं हे मुलीने ठरवायचं होतं. ती म्हणाली, सांगा, नाहीतर ती त्यांना घरात घेणार नाही. मावशींना, म्हणजे तिच्या आईला, आत बोलावलं. टेबलावर निरोध दाखवायचं लाकडी मॉडेल होतं, ते मी ड्रॉवरमध्ये ठेवलं. सगळं ऐकून झाल्यावर मावशींनी माझा हात धरला. "मॅडम, हे संडासातून आलं असंल का? एसटी स्टँडच्या?"

त्या काय मागत होत्या ते मला कळत होतं. कुणाचाच दोष नाही असं घरी सांगता येईल, एवढा एक आधार. आमच्या क्षेत्रातले काही जण घर वाचावं म्हणून इथे "हो" म्हणतात. मी म्हणत नाही. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, संडासाच्या भांड्यावरून तो होत नाही. आज मी हो म्हटलं, तर हे दोघं जन्मभर संडास धुत बसतील आणि एकमेकांच्या कातडीबद्दल कधी बोलणार नाहीत. मी म्हटलं, "नाही मावशी, संडासातून नाही. पण आपल्याला आहे हे माहीत नसलेल्या माणसाकडून येतो. त्यात फसवणूक असलीच पाहिजे असं नाही." त्यांना ते पटायला वेळ लागला. जावयाला त्या लगेच काही बोलल्या नाहीत. पण जाताना त्याला म्हणाल्या, "जेवलात का?"

लाल किट संपल्यावर डॉक्टरांनी छत्तिसाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत असायक्लोविर चालू ठेवलं, म्हणजे ऐन वेळी फोड येण्याची शक्यता कमी. केसपेपरवर ठळक लिहिलं, कळा सुरू झाल्यावर नीट तपासून घ्यावे. कळा आल्या त्या रात्री फोड नव्हते, आगही नव्हती. नॉर्मल झालं. मुलगी.

दीड महिन्याने दोघं आले, सोबत मावशी आणि बाळ. त्याने रक्त दिलं. रिपोर्ट काय आला ते मी इथे लिहीत नाही. तो त्या दोघांचा आहे. पुढे काय करायचं ते त्या रिपोर्टप्रमाणे आम्ही बोललो. ज्याला नाही त्याला कसं जपायचं हे मी प्रत्येक जोडप्याला सांगते: चुरचुर जाणवली की संबंध नको, एरवी निरोध, आणि हवी असेल तर ज्याला आहे त्याने रोज गोळी. निरोधाने धोका बराच कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण कातडी त्याच्या बाहेरही असते. रोजच्या गोळीने तो साधारण निम्मा होतो.

मावशींचा प्रश्न वेगळा होता. बाळाचे मुके घेतले तर चालतात का? मी म्हटलं, पहिले काही महिने कुणीच तोंडाला, हाताला मुके घेऊ नका. ओठांवर येणारा हर्पिस तर याहून कितीतरी जास्त लोकांना असतो, आणि तोही फोड न दिसता थुंकीतून येतो. "म्हणजे ज्याचे ओठ चांगले दिसतात त्यानंही नाही?" ज्याचे चांगले दिसतात त्यानेही नाही. मावशींनी मान हलवली. बाहेर बाकावर त्यांच्या ओळखीची एक बाई बसली होती, तिने "आण गं इकडं" म्हणून बाळाकडे हात पुढे केले. मावशींनी बाळ दिलं नाही. "लांबूनच बघ," म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगितलंय."